चावीला हसू येतं

चावीच्या दुकानात घड्याळ घेऊन गेलात तर एक पथ्य पाळा, तिला विनोद सांगू नका. सांगितलात तरी ती डोळ्यावरचं भिंग न काढता ऐकून घेईल आणि शेवटी विचारेल, "पट्टा बदलायचाय की सेल?" गेल्याच महिन्यात एक गृहस्थ आले, चांगले इस्त्रीतले. तिला म्हणाले, "बाई, जरा हसा की. हसायला काय जातं तुमचं?"

ती म्हणाली, "येत नाही."

"काय येत नाही?"

"हसू."

गृहस्थांना वाटलं, बाई फटकळ आहे. आहेच. आमच्याच घरातली आहे, गोड कुठून असणार? पण ते उत्तर फटकळपणाचं नव्हतं, नेमकं होतं. या एका 'येतं' आणि 'येत नाही' पायी तिचं आयुष्य कुठून कुठे गेलं ते गृहस्थांना काय ठाऊक. मला ठाऊक आहे, कारण मी तिची आत्या. घड्याळजी माझा थोरला भाऊ, दादा. त्याची ही एकुलती एक. आणि 'चावी' हे नाव ठेवलं मी. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती आता मागे वळूनसुद्धा बघत नाही.

पाच वर्षांची होती. दादाचं दुकान पुढे, मागे दोन खोल्या. पुढच्या खोलीत वहिनीचं शिवणाचं मशीन, मागच्या खोलीत बाकीचा संसार. मी ऑफिसातून येताना चहाला डोकावले होते. पोरगी जमिनीवर पालथी पडून मांजर काढत होती. काढता काढता थांबली. खडू हातात तसाच. मानेपासून वर लाल व्हायला लागली, कानाच्या पाळ्यांपर्यंत. तोंडाचा एक कोपरा कुणी दोऱ्यानं ओढावा तसा वर गेला, आणि मग खी-खी-खी-खी, एकाच पट्टीत, श्वाससुद्धा मध्ये नाही. डोळे मात्र ताटलीएवढे उघडे, आणि त्या डोळ्यांत हसण्याचा पत्ता नाही. कापल्यासारखं हसणं थांबलं. तिनं ओठ चाटले, एक उचकी दिली आणि मांजराला मिशा काढायला घेतल्या.

"अगं बाई," मी म्हणाले, "हिला चावी कोणी दिली?"

सगळे खो-खो हसले. घड्याळजीच्या घरात चावीच्या विनोदाला नाही हसायचं तर कुठे? तेव्हापासून ती चावी.

दिवसातून पाच-सहा वेळा व्हायचं. जेवताना, वेणी घालताना, अंघोळीच्या बादलीत हात बुडवून बसली असताना. सुरुवातीला गंमत होती. मी तर पाहुण्यांना सांगायचे, "बसा हो थोडा वेळ, आमची चावी सुरू होईल आता." व्हायचीही. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

गंमत संपली ती एका म्हाताऱ्या बाईंमुळे. त्या नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या होत्या. नवरा आठवड्यापूर्वी गेला, त्याच दिवशी घड्याळही थांबलं म्हणे. त्या रडत रडत दादाला सांगत होत्या आणि काउंटरशी उभी असलेली चावी त्यांच्या तोंडाकडे बघून खी-खी करायला लागली. म्हातारी रडायची थांबली. दादाच्या हातातला चिमटा खाली पडला. वहिनी मशीनवरून उठून आली आणि दिली एक ठेवून. आणि काय आश्चर्य, हसणं बंद!

"लागू पडलं," दादा म्हणाला.

आता इथं दादाचा धंदा समजून घ्यायला हवा. बंद घड्याळ समोर आलं की तो आधी टिचकी मारायचा. भिंग नंतर, चिमटा नंतर. दहातली तीन घड्याळं टिचकीनं चालू होतात. उरलेल्या सातांची आठवण कोण ठेवतो? गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय हात आहे! त्यामुळे पोरगी थपडेनं थांबते हे त्याला लगेच पटलं. घरचं औषध मिळालं. सकाळी दोन, दुपारी एक, शाळेतून आल्यावर तीन. वहिनी शिवताना घालायचं लोखंडी अंगुस्तान काढून मारायची, पोरीला लागू नये म्हणून. केवढी ती माया! मारण्याआधी बोटातलं अंगुस्तान मशीनच्या फळीवर ठेवायची, त्याचा टक्क आवाज व्हायचा. पुढेपुढे चावी हसता हसताच तो टक्क ऐकून मान खाली घालायची. आम्ही म्हणायचो, बघा, लबाडी कळतेय तिला. लबाड नसती तर मान कशाला घातली असती?

मी मारत नव्हते असं समजू नका. मीही मारलं. आत्या काय नुसती खाऊ द्यायला असते?

चावी एकच सांगायची. रडत नाही, ओरडत नाही, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. "मी हसत नाहीये. मला हसू येतंय."

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय म्हणावं? मी म्हणायचे, "अगं शहाणे, तेच ते! हसू येतं म्हणूनच तर माणूस हसतं." दादा म्हणायचा, "हसू आलं तर गिळायचं. मला नाही येत? गिऱ्हाईक पाण्यात पडलेलं घड्याळ आणून सांगतं, 'नुसता दमट हवेचा परिणाम आहे', तेव्हा मला नाही हसू येत?" पोरगी परत तेच. "मला येतं." जणू शिंक येते, ताप येतो, तसं हसू येतं. आम्ही सगळे मराठी बोलणारे, जन्मापासून, पण तिचं 'येतं' आम्हाला कळलं नाही.

एकदा माझ्या घरी आली होती. मी राहायचे चौथ्या मजल्यावर, आणि आमच्या लिफ्टचं तिला भारी कौतुक. वर जाताना मला म्हणाली, "आत्या, माझ्या पोटात पण अशीच लिफ्ट आहे. ती वर येते, थंड असते, मग दार उघडतं आणि हसू बाहेर येतं."

मी विचारलं, "अस्सं! कुठल्या मजल्यापर्यंत येते गं तुझी लिफ्ट?"

आणि तिनं तोंड उघडायच्या आत माझं मीच हसून घेतलं. मग बरेच दिवस तो आमचा विनोद होता. "चावे, लिफ्ट बंद आहे का आज?" "चावे, आमचं सामान चढव गं वर." तिनं लिफ्टबद्दल परत कधी काही सांगितलं नाही. चढायचीसुद्धा जिन्यानं.

आठव्या वर्षी शाळेचं प्रकरण झालं. त्यांचे चित्रकलेचे सर अचानक गेले. चावीचा जीव होता त्यांच्यावर. वर्गात ती खी-खी करायला लागली की बाकीचे शिक्षक बाहेर उभं करायचे. सर तिच्या हातात मोठा ब्रश देऊन म्हणायचे, "आभाळ रंगव, तेवढ्यात होईल." काही विचारायचे नाहीत, काही सांगायचे नाहीत, नुसतं आभाळ रंगवायला द्यायचे. तिच्या वहीत आभाळंच आभाळं. जमीन म्हणून नाही.

शाळेनं मैदानात दोन मिनिटं शांतता पाळली. साडेचारशे पोरं माना खाली घालून उभी. चावी पहिल्या रांगेत, कारण उंचीनं कमी. आणि आली तिची लिफ्ट.

मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, दादाला बोलावून घेतलं. बाई उंच, आवाज त्याहून उंच. म्हणाल्या, "तीन वर्षं सहन केलं. आता मेलेल्या माणसाला हसली. सोमवारी सरांच्या पत्नी येणार आहेत. तुमच्या मुलीनं स्टेजवर उभं राहून सगळ्या शाळेसमोर त्यांची माफी मागायची. चार वाक्यं. न हसता. हसली, तर त्याच दिवशी दाखला घेऊन जा. आणि दाखल्यावर वर्तनाच्या रकान्यात मी जे लिहीन, ते वाचून पुढची कुठलीच शाळा तिला दारात उभी करणार नाही."

दादा परत आला तो पांढराफटक. चार वाक्यांवर पोरीची शाळा लटकलेली. रविवारी दिवसभर तालीम. मशीनसमोर वहिनीला खुर्चीत बसवलं, सरांच्या पत्नी म्हणून, आणि चावी समोर उभी. "मी चुकले. मी सरांचा अपमान केला. सर मला आवडायचे. मला क्षमा करा." पंधरा-वीस वेळा म्हणून घेतलं. त्यातल्या तीन वेळा लिफ्ट आली. तिन्ही वेळा सरांच्या पत्नीनं अंगुस्तान काढलं.

"बाबा," चावीनं विचारलं, "'सर मला आवडायचे' हे पहिलं म्हणू का? मग आलं तरी तेवढं म्हणून झालेलं असेल."

"आलं तरी? आलं तरी काय?" दादा ओरडला. "येऊ द्यायचंच नाही!"

यावर तोडगा निघाला, तो माझा. सांगून टाकते, मग पुढचं बोलायला मोकळी. मी म्हणाले, "अरे, स्टेजवर चढून तर आपल्याला मारता येणार नाही. मग आधीच मारून ठेवू. चढायच्या आधी, पडद्यामागे. एक सणसणीत. औषध जेवणाआधी घेतात, तसं." दादाला एकदम पटलं. वहिनी म्हणाली, "माझा हात नाही उठणार हो लोकांत." म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा ऑफिसात टायपिस्ट होते. दिवसभर दर ओळीशेवटी डाव्या हातानं टाइपरायटरची कॅरेज ढकलून ढकलून माझा तो हात असा तयार झाला होता की शेजारीण बरणीचं झाकण उघडायला माझ्याकडे यायची.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. दादाच्या खिशात शाळेचं स्टॉपवॉच होतं. धावण्याच्या शर्यतींचं ते घड्याळ दुरुस्तीला आलं होतं आणि त्यानं म्हटलं, हातासरशी परत करू, बाईंना बरं वाटेल. त्याला पहिल्या रांगेत बसवलं. मी पडद्यामागे, चावीबरोबर. धूळ खाल्लेला जाड पडदा, बाजूला मोडक्या बाकांचा ढीग. चावीनं नवा फ्रॉक घातला होता. ती ओठांतल्या ओठांत चार वाक्यं म्हणत होती. बाहेरून मोठ्या बाईंनी तिचं नाव पुकारलं, कागदावरचं.

"आत्या," ती म्हणाली, "हळू मार हं. नाहीतर मी विसरेन."

मी कॅरेज ढकलतात तसा हात फिरवला. उजव्या कानावर बसला. ती एका बाकावर आदळली, उठली, फ्रॉक झटकला आणि स्टेजवर गेली.

"सर मला आवडायचे," पहिलं वाक्य तिनं तेच म्हटलं, बापाचं न ऐकता. "मी चुकले. मी सरांचा…"

आणि आली लिफ्ट. मी फटीतून बघत होते. मानेपासून लाल, तोंडाचा कोपरा वर, खी-खी-खी-खी. समोर खुर्चीत सरांच्या पत्नी. हॉलमध्ये साडेचारशे पोरं आणि चिडीचूप. मोठ्या बाई जागेवर गोठलेल्या. कुणी उठलं नाही, कुणी मारलं नाही. मार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा आमच्यासमोर पोरीचं हसू पूर्ण झालं. संपल्यावर तिनं ओठ चाटले, उचकी दिली आणि म्हणाली, "…अपमान केला. मला क्षमा करा."

सरांच्या पत्नी उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "या मुलीच्या घरी कुणी मेलं की मला कळवा. मी हसायला येईन."

आणि गेल्या. त्यांना तरी काय दोष द्यायचा. कुंकवाचा धनी गेलेला, वर ही तऱ्हा.

दाखला तासाभरात तयार झाला. कामाच्या कुठल्या कागदाला त्या शाळेनं इतकी घाई केल्याचं मी ऐकलं नाही. वर्तन: अत्यंत असमाधानकारक. 'अत्यंत' खाली रेघ.

घरी आलो. वहिनीनं दार उघडलं, आमच्या चेहऱ्यांवरून काय ते समजली आणि चावीवर हात उगारला. दादा म्हणाला, "थांब."

खिशातून स्टॉपवॉच काढलं. द्यायचं राहूनच गेलं होतं. त्याच्या अंगठ्याची सवय, आयुष्यभर घड्याळं तपासलेला अंगठा तो. चावी हसायला लागली तसं त्यानं खिशातल्या खिशात बटण दाबलं होतं, आणि थांबली तसं परत दाबलं होतं. काटा बावीसवर उभा होता.

"बावीस सेकंद," तो म्हणाला. "कुणी मारलं नाही."

"मग?" वहिनी म्हणाली.

"मग काही नाही."

पुढचे चार दिवस घरात विचित्र खेळ चालला. चावीला आलं की दादा दुकानातलं काम टाकून घड्याळ घेऊन धावत आत यायचा. "कुणी हात लावू नका!" बावीस. परत आलं, एकवीस. परत, बावीस. चौथ्या दिवशी वहिनीचा हात सवयीनं सुटला, आणि काटा थांबला तो बावीसवर. मी तिथेच होते. दादानं घड्याळ टेबलावर ठेवलं. जो माणूस गिऱ्हाईकाला सांगायचा, 'तुमचं घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं, काळजी घ्या', तो तीन वर्षं पोरीला मारत होता आणि एकदाही त्यानं मोजलं नव्हतं.

"मारलं तरी बावीस," तो म्हणाला. "नाही मारलं तरी बावीस."

तुम्हाला वाटेल, आता बाप पोरीला जवळ घेईल. आमच्या घरात तशी पद्धत नाही. वहिनी म्हणाली, "म्हणजे अजून जोरात मारायला हवं होतं का?" दादा उठून दुकानात गेला आणि कुणाचं तरी गजराचं घड्याळ उघडून बसला. मार मात्र त्या दिवसापासून बंद झाला. चावीला कुणी कारण सांगितलं नाही. बरेच दिवस ती टक्क आवाज झाला की मान खाली घालतच होती. वहिनी नुसतं बोट खाजवायला अंगुस्तान काढायची तरी.

मधल्या काळात माझी थप्पड आपलं काम करत होती. उशीवर पिवळे डाग पडायला लागले. कान वाहतोय, वासही येतोय. वहिनी तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, सोबतीला मी. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, अंगानं काडी, आवाज करवतीचा. तिनं कानात उजेड पाडून पाहिलं आणि विचारलं, "कुणी मारलं?"

"पडली," वहिनी म्हणाली.

"बाकावर," मी म्हणाले. खोटं नव्हतं, पडलीच होती ना बाकावर.

"पडदा फाटलाय. आणि ही आजची जखम नाही, आत जुने व्रण आहेत. बाकावर रोज पडते का?"

एवढ्यात तपासणीच्या उंच स्टुलावर बसल्या बसल्या चावीला आलं. मानेपासून लाल, खी-खी-खी. डॉक्टरणीच्या तोंडावर! वहिनी शरमेनं उठली, चार दिवसांचा नियम विसरून हात वर गेला. डॉक्टरणीनं तिचं मनगट हवेतच धरलं. "हात खाली." आणि चावीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत राहिली. संपलं तशी खुर्ची पुढे ओढून बसली.

"काय झालं आत्ता?"

चावीनं आपला धडा म्हटला. "मी हसत नव्हते. मला हसू आलं."

"आलं? कुठून आलं?"

तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चावीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पोटातून. लिफ्ट असते."

"कुठल्या मजल्यापर्यंत येते लिफ्ट?"

अगदी माझाच विनोद! अक्षर न अक्षर तोच. पण ती मुलगी हसत नव्हती, हातात पेन घेऊन थांबली होती. आणि चावीनं उत्तर दिलं, तयारच होतं तिच्याकडे, "गळ्यापर्यंत. मग दार उघडतं. मग मला सगळं ऐकू येतं पण बोलता येत नाही. तोंड माझं नसतं."

डॉक्टरणीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग आमच्याकडे वळली. "मी कानाची डॉक्टर. पण हे हसणं नाही, हे तुम्हाला मी आत्ताच सांगते. ही फिट असावी."

"फिट?" मी म्हणाले. "अहो, फिट आम्हाला माहीत नाही का? फेस येतो, दात खिळतात, हातपाय झाडतात. फिट येणारं माणूस हसतं कधी?"

"हसतं. सगळ्यांनाच फेस येत नाही. एखादं मूल नुसतं ओठ चाटत बसतं, एखाद्याला भलताच वास येतो, एखादं वर्गात टक लावून बघत राहतं आणि मार खातं. हिला हसू येतं. मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. आजच."

"पण मारलं की थांबायचं हो," वहिनी कळवळून म्हणाली.

"थांबणारच होतं," डॉक्टरीण म्हणाली.

मेंदूच्या डॉक्टरांनी बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. मेंदूच्या पार तळाशी मण्याएवढी गाठ, जन्मापासूनची. वाढणारी नाही, जीव घेणारी नाही, फक्त मधूनच चावी देणारी. गोळ्या सुरू झाल्या. दिवसाचे सहा झटके आठवड्याला एकावर आले, पुढे महिन्याला एखादा. कानाचं मात्र काही झालं नाही. उजवा कान गेला तो गेलाच.

दादा डॉक्टरांचा कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेला. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. त्याला वाटलं, आता पुरावाच आहे. मशीन उघडून दोष दाखवावा तसा त्यानं कागद पुढे केला. बाईंनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

"अरेरे," म्हणाल्या. "म्हणजे ती खोडकर नव्हती. आजारी होती."

"हो बाई. म्हणून म्हणतो, तो शेरा तेवढा बदलून…"

"आजारी मुलीची जबाबदारी शाळा कशी घेणार? उद्या जिन्यावर काही झालं तर? खोडकर असती तर मी विचार केला असता."

दादा परत आला तेव्हा चावी दुकानात त्याच्या स्टुलावर बसली होती, दप्तर मांडीवर. दप्तर भरून तयार होती पोरगी, आभाळांची वहीसुद्धा घातली होती. दादानं दप्तर काढून घेतलं, खुंटीला लावलं आणि तिच्या हातात चिमटा दिला. माफी म्हणून मागितली ती एवढीच. मग आपल्या डोळ्याचं भिंग काढून तिच्या डोळ्याला लावलं. ते तिच्या गालावर घसरलं, मोठं व्हायचं. वहिनीनं पट्टी शिवून दिली.

शाळा अशी गेली. पण हात तयार झाला, आणि असा तयार झाला की दादा सत्तराव्या वर्षी म्हणायचा, "माझ्यापेक्षा बरी आहे. टिचकी मारत नाही." खरंच मारत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, जरा ठोकून बघा ना, तर घड्याळ परत सरकवते. "ठोकायचं असेल तर घरी ठोका." बंद घड्याळ आलं की आधी मालकाला विचारते, "कधी थांबतं? थांबायच्या आधी काय होतं?" लोक चक्रावतात. घड्याळाचं हे कोण विचारतं! शाळेचं ते स्टॉपवॉच अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे. परत द्यायला कुणी गेलंच नाही, आणि शाळेनंही मागितलं नाही.

आता ती एकेचाळीस वर्षांची आहे. दादा-वहिनी दोघंही गेले. दोन्ही वेळा चावी हसली नाही, आणि रडलीही नाही. दोन्ही वेळा मी मात्र दाराकडे बघत बसले होते, सरांच्या पत्नी येतात की काय म्हणून. लग्नाला विचारणारे दोघं-तिघं आले. त्यांनी आधी विचारलं, 'हसते का?', मग विचारलं, 'हसत का नाही?' दोन्ही प्रश्नांवर तिनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. गोळ्या अजून चालू आहेत. झटका येणं जवळपास बंदच आहे. त्याच्या जागी साधं हसू यायला हवं होतं म्हणतात, ते काही आलं नाही. डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, गोळ्यांनी असं होत नाही. मग कशानं होतं ते मी काही विचारलं नाही.

मी निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी तिच्या दुकानात जाते. तिनं माझ्यासाठी टेबलाशी, तिच्या उजव्या हाताला, भिंतीला लागून, गादीचं स्टूल ठेवलंय. दुसऱ्या कुणाला बसू देत नाही त्यावर. मी सगळ्यांना सांगायचे, बघा, आत्यावर किती जीव आहे पोरीचा! आणि माझी टकळी तर तुम्हाला एव्हाना कळलीच असेल. बारा वर्षं मी तिथं बसून बोलतेय. शेजारणीची सून, माझे गुडघे, सगळं. मधूनमधून ती म्हणते, "हं. ऐकतेय."

परवा बोलता बोलता धीर केला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "चावे, तो पडद्यामागचा मार तुला आठवतो का गं? माझं चुकलंच त्या दिवशी."

"हं," ती म्हणाली. "ऐकतेय."

समोर एक कॉलेजची मुलगी पट्टा बदलून घेत होती. ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आजी, त्यांना त्या बाजूनं ऐकू येत नाही ना? मला नेहमी सांगतात, या बाजूला उभी राहा म्हणून."

मारणाऱ्याला आपला हात आठवतो हो. कान डावा की उजवा, ते माझ्या डोक्यातून कधीच निघून गेलं होतं. मी उठले, स्टूल उचललं आणि टेबलाला वळसा घालून तिच्या डावीकडे ठेवायला लागले. चावीनं भिंग कपाळावर सरकवलं. पहिल्यांदा नीट पाहिलं माझ्याकडे.

"आत्या, इथं गिऱ्हाईक उभं राहतं. तुझी जागा ती."

"अगं, पण मला तुला काही सांगायचंय."

"सांग की," ती म्हणाली, आणि स्टूल माझ्या हातातून घेऊन परत भिंतीशी नेऊन ठेवलं. गादी थोपटून सारखी केली. "बस. तुझ्या थपडेनंच तर मी डॉक्टरकडे पोचले. लागू पडली म्हणायची. बस तिथं आणि बोल, कितीही वेळ बोल."

मी बसले. तिनं भिंग डोळ्यावर ओढलं आणि डावा कान त्या पोरीकडे केला.